चिठ्ठीवरचं गाव

वोल्स्कीची आणि माझी ओळख भांडणातून झाली. माझ्या बहुतेक ओळखी तशाच होतात. १९५५ चा नोव्हेंबर, पश्चिम जर्मनीतल्या एर्लांगेनमधला माझा पहिला हिवाळा, आणि आमच्या शब्दकोशाच्या कार्यालयात इतकी थंडी की बोटांतून पेन निसटायचं. कार्यालय म्हणजे एका बंद पडलेल्या हातमोज्यांच्या कारखान्याचा दुसरा मजला. तळघरात बॉयलर, आणि तिथेच हा हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीचा रखवालदार, झाडूवाला, सुतार, माळी, सगळं एकच. मी तरातरा खाली गेले आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये त्याला सुनावलं, "वरची माणसं गोठून मेली की मग कोळसा घालणार आहात का?"

त्यानं शांतपणे फावडं बाजूला ठेवलं, खुंटीवरचा आपला कोट काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "कोळसा प्रोफेसर ठरवतात, फ्रॉयलाइन. कोट माझा आहे."

कोट मी घेतला नाही, पण भांडण तिथेच टाकून वर आले. त्या दिवसापासून माझी सायकल पंक्चर झाली की मी न बोलता ती तळघराच्या दाराशी टेकवून ठेवायचे, आणि संध्याकाळी ती न बोलता दुरुस्त झालेली असायची.

त्याला एकेरीत लिहिते आहे म्हणून कुणी नाक मुरडू नये. तो माझ्याहून नऊ-दहा वर्षांनीच मोठा, पस्तिशीचा होता. तोंडावर मी त्याला 'हेर', म्हणजे श्रीयुत, वोल्स्की आणि 'तुम्ही'च म्हणायचे, आणि तो मला 'फ्रॉयलाइन', म्हणजे कुमारी. डाव्या हाताची दोन बोटं यंत्रात गेलेली. युद्धात जर्मनांनी पूर्वेकडून लाखो माणसं मजुरीला उचलून आणली होती, त्यातला हा एक. युद्ध संपलं तेव्हा बरेच जण परत गेले, बऱ्याच जणांना जबरदस्तीनं पाठवलं, आणि काही राहिले. राहिलेल्यांना सरकारनं पासपोर्टसारखं एक करडं ओळखपुस्तक दिलं होतं. त्यावर त्याचं नाव स्टेफान वोल्स्की, जन्म पोलंडच्या पूर्व टोकाला, प्शेमिस्लजवळच्या एका खेड्यात. कार्यालयात त्याला सगळे 'तो पोलंडवाला' म्हणायचे. इमारतीमागच्या हातभर जागेत तो बीट, कांदे आणि शेपू लावायचा. शेपू बघून मी अक्षरशः ओरडले होते. परदेशात शेपूची जुडी मिळणं म्हणजे काय हे ज्याला कळतं त्यालाच कळतं.

आता माझं. मी पुण्याहून संस्कृत घेऊन एम.ए. झालेली मुलगी, शिष्यवृत्तीवर तिथे डॉक्टरेट करायला गेलेली. विषय होता एक शब्द. हो, एकच. घरी हे सांगितलं तेव्हा माझा भाऊ यशवंत म्हणाला होता, "एका शब्दासाठी बोटीनं एवढ्या लांब? इथेच विचारला असतास तर फुकट सांगितला असता."

पण शब्द तसा होताच. रशियन, पोलिश, चेक, सर्बियन, कुठलीही स्लाव भाषा घ्या, देवाला 'बोग' म्हणतात. हा बोग आपल्या वेदातल्या 'भगा'चा भाऊबंद. भग म्हणजे वाटा देणारा. त्यावरूनच आपला भाग, भाग्य, अभागी. त्यांच्याकडेही श्रीमंत तो 'बोगाती', आणि ज्याच्या वाट्याला काही आलं नाही तो 'उबोगी'. आणि ह्याच घराण्यातला एक शब्द असा, की प्रत्येकानं त्यात आपापली इस्टेट घालून ठेवली. पोलंडचा माणूस 'झ्बोझे' म्हणतो ते धान्याला. चेक माणूस 'झ्बोझी' म्हणतो ते दुकानातल्या मालाला. जर्मनीच्याच पूर्वेला सोर्ब म्हणून छोटा स्लाव समाज आहे, त्यांच्यात एका भागात त्याचा अर्थ नशीब, तर दुसऱ्या भागात गुरंढोरंसुद्धा. ज्याला जे मोलाचं वाटलं ते. आमचे प्रोफेसर हेल्मब्रेख्ट म्हणत, हा बोग स्लाव लोकांनी जुन्या इराण्यांकडून उसना घेतला. मी म्हणे, उसना नाही, सख्खा आहे, आणि 'वाटा' हा मूळ अर्थ कुठेतरी, कुणाच्या तरी तोंडी अजून जिवंत असणार. प्रोफेसर म्हणत, "मग आणून दाखवा." झालं! माझी डॉक्टरेट त्या एका वाक्यावर टांगलेली होती.

आमच्या स्लाव शब्दकोशात शब्द आणून दाखवायची रीत ठरलेली होती. एक शब्द, एक चिठ्ठी. चिठ्ठीवर शब्द, अर्थ, ज्यानं सांगितला त्याचं नाव, वय, धंदा आणि गाव. गाव नसेल तर चिठ्ठी टोपलीत. प्रोफेसर म्हणायचे, "ज्याचं गाव माहीत नाही तो शब्द मला दारातसुद्धा नको." प्रत्येक चिठ्ठीला नंबर, आणि खाली कार्बन. वरची प्रत आमच्या खणात, खालची प्रत दर तीन महिन्यांनी पेटीत भरून पूर्वेकडच्या, सोव्हिएत गटातल्या एका मोठ्या संस्थेला. त्यांच्या चिठ्ठ्या आम्हाला यायच्या, आमच्या त्यांना. राजकारण्यांची तोंडं दोन दिशांना असली तरी शब्दकोशवाल्यांची देवघेव चालू होती, आणि आम्हाला त्याचा कोण अभिमान!

१९५६ च्या ऑक्टोबरात माझ्या घरमालकिणीनं मला बाहेर काढलं. कारण काय, तर मी खोलीत फोडणी केली. हिंगाच्या वासानं तिच्या पडद्यांचं म्हणे आयुष्य संपलं. दुसरी खोली मिळाली, पण सामान न्यायला कुणी नाही. श्रीरंग म्हणून तिथल्या विजेच्या कंपनीत शिकायला आलेला सोलापूरचा एक मुलगा ओळखीचा होता, पण त्याची नेमकी परीक्षा. शेवटी वोल्स्की हातगाडी घेऊन आला. पुस्तकं गाडीत गेली. उरलं ते, साड्या, डबे, देवाची तसबीर, लोणच्याची बरणी, त्यानं माझ्या चादरीवर ठेवलं, चारी टोकं एकत्र आणून गाठ मारली, आणि गाठोडं उचलताना स्वतःशीच पुटपुटला, "झ्बीझ्झ्या."

मी जिन्यातच थांबले. "काय म्हणालात?"

"काही नाही. गाठोडं."

"नाही, शब्द काय म्हणालात?"

तो पुन्हा म्हणाला. मी म्हटलं, "पण तुम्ही पोलिश ना? पोलिशमध्ये ह्याला झ्बोझे म्हणतात, आणि ते धान्य. हा उच्चार युक्रेनचा आहे. आणि गाठोडं कसं काय?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला शब्द दिसत होता, माणूस कुठे दिसत होता! मी त्याचा पिच्छा सोडला नाही. नव्या खोलीत सामान लावून झालं, मी चहा केला, आणि पुन्हा तेच विचारलं. त्यानं कप दोन्ही हातांत धरला. मग म्हणाला, "हे तुमच्या-माझ्यात."

"अर्थात," मी म्हटलं.

मग त्यानं सांगितलं. तो पोलंडचा नव्हताच. त्याचं गाव तिथून कितीतरी पूर्वेला, युद्धाआधीपासून सोव्हिएत असलेल्या युक्रेनमध्ये. १९४२ च्या उन्हाळ्यात जर्मनांचे ट्रक आले, प्रत्येक घरातून एक जण मागितला. घरात आई, धाकटी बहीण आणि हा. आईनं एका फडक्यात अर्धी भाकरी, कांदा, चमचा आणि बापाचा सदरा बांधला, चारी टोकांना गाठ मारली आणि त्याच्या हातात देऊन म्हणाली, "हे घे तुझं झ्बीझ्झ्या." त्यांच्या गावात धान्याला तर तो शब्द होताच, पण घर सोडून जाणाऱ्याला घरातला जो त्याचा वाटा बांधून देतात, त्यालाही तोच. मुलगी सासरी निघाली तरी, पोरगा सैन्यात निघाला तरी. आणि बोलता बोलता त्यानं गावाचं नाव घेतलं. चौदा वर्षांनी पहिल्यांदा, असं तो म्हणाला, आणि कप खाली ठेवून डोळे पुसायला लागला.

आणि मी? लाज वाटते सांगायला. मी मनातल्या मनात नाचत होते. वाटा! सापडला! तो गेल्यावर मी लगेच टेबलाशी बसले आणि चिठ्ठी लिहिली. शब्द. अर्थ. स्टेफान वोल्स्की, वय पस्तीस, हाउसमाइस्टर. आणि गाव. मी प्रामाणिक ना! मी प्शेमिस्ल कसं लिहिणार? मी लाल पेन्सिलीनं लिहिलं: कागदोपत्री प्शेमिस्लजवळचा, प्रत्यक्षात अमुक गावचा, अमुक जिल्ह्याचा. 'तुमच्या-माझ्यात' हे त्याचे शब्द मी विसरले नव्हते. पण मला वाटलं, ते बाहेर बोलण्याबद्दल. चिठ्ठी म्हणजे काही बोलणं नव्हे. आमच्या धंद्यात चिठ्ठीवर खोटं गाव घालणं हे पाप, आणि खरं गाव घालणं ही पूजा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, तसा माझा बैल.

जानेवारी १९५७. सोमवार होता. सकाळी नवाच्या सुमाराला वोल्स्की माझ्या टेबलाशी आला. तो वर कधीच येत नसे. त्यानं कोटातून एक घडी केलेलं वर्तमानपत्र काढलं. 'मायदेशी परत या' असं मोठ्या अक्षरात. पूर्व बर्लिनमधून ही पत्रकं परागंदा लोकांना घरपोच येतात हे मी ऐकलं होतं.

"पत्ता बघा," तो हळू आवाजात म्हणाला. "वोल्स्की, पोलंडवाला, असंच लिहिलंय ना? म्हणजे त्यांना खरं माहीत नाही. सगळ्या पोलंडवाल्यांना आलंय. हो ना?"

"हो," मी म्हटलं. "पण एवढं घाबरायला काय झालं?"

तेव्हा त्यानं मला सगळं पहिल्यापासून सांगितलं. पंचेचाळीस साली सोव्हिएत नागरिक असतील त्यांना गाड्यांत भरून परत पाठवत होते. परत गेलेल्यांना शत्रूसाठी राबल्याबद्दल काय मिळालं ह्याच्या बातम्या मजुरांच्या छावणीत यायच्या. पोलंडच्या हद्दीतल्यांवर मात्र सक्ती नव्हती. त्याच्या शेजारच्या बाकड्यावरचा स्टेफान वोल्स्की नावाचा खरा पोलंडवाला तापानं गेला, आणि ह्यानं त्याचं नाव आणि गाव उचललं. "गावात माझी नोंद मेलेला म्हणून आहे," तो म्हणाला. "मेलेल्याच्या आईला कुणी त्रास देत नाही. पळून राहिलेल्याच्या आईला देतात. बहिणीची नोकरी जाते, दर आठवड्याला बोलावणं येतं. आणि इथे कागद खोटे निघाले की मी काय राहतो? तुम्ही एकट्याच आहात ज्यांना मी गावाचं नाव सांगितलंय. म्हणून विचारतो. कुणाला बोलला नाहीत ना?"

"नाही," मी म्हटलं. तोंडानं बोलले नव्हते, हे खरंच होतं. तो हसला, मान डोलावून खाली गेला, आणि मी खणाकडे धावले.

आमची प्रत जागेवर होती. ती मी ब्लाउजमध्ये खुपसली. दुसरी प्रत जानेवारीच्या पेटीत. पेटी सेक्रेटरी बाईंच्या खोलीत असायची. खोलीत गेले तर टेबल मोकळं.

"आठ वाजताच पोस्टात दिली," बाई म्हणाल्या. "ह्या वेळी जरा लवकर. का हो?"

सायकल काढली. बाहेर बर्फ. फाटकाशीच श्रीरंग भेटला, माझं पुस्तक परत द्यायला आला होता.

"अहो मालिनीबाई, आग लागलीय की काय?"

"लागलीय. मीच लावलीय. बडबड नको, चला."

बिचारा मागोमाग आला. पोस्टात खिडकीवरच्या माणसानं सांगितलं, पार्सल साडेआठच्या गाडीनं न्युर्नबर्गला गेलं, तिथून पुढे. परत मागवायचं तर पाठवणाऱ्याची सही, पावती आणि अर्ज, आणि तरी हद्द ओलांडायच्या आत मिळेलच असं नाही. मी त्याच्याशी भांडले. जर्मनमध्ये भांडून झालं, मराठीत भांडले. श्रीरंगनं दंडाला धरून मला बाहेर काढलं. बाहेर पायरीवर मी त्याला सगळं सांगितलं. तो गंभीर झाला.

"प्रोफेसरांना खरं सांगा," तो म्हणाला.

"खरं सांगितलं तर ते दुसऱ्या मिनिटाला पोलिसांना कळवतील. खोटे कागद! त्यांना चिठ्ठीवरचा खोटा स्वल्पविराम चालत नाही."

"मग खोटं सांगा."

"काय खोटं सांगू?"

विचारता विचारताच ते मला कळलं. एकच गोष्ट अशी होती की जी ऐकल्यावर प्रोफेसर त्या चिठ्ठीच्या मागे तार पाठवतील.

प्रोफेसर हेल्मब्रेख्ट खिडकीशी उभे होते. मी दार लावलं आणि उभ्यानंच म्हणाले, "चिठ्ठी नंबर दोनशे बारा. ती मी बनवली."

"बनवली म्हणजे?"

"खोटी आहे. वोल्स्कींनी असं काही सांगितलेलं नाही. मला पुरावा हवा होता."

ते खुर्चीत बसले. चष्मा काढला. "शब्द खोटा की गाव खोटं?"

"दोन्ही."

"फ्रॉयलाइन, तुम्ही काय बोलता आहात हे तुम्हाला कळतंय?"

"कळतंय. त्यांना तार करा. चिठ्ठी रद्द, फाडून टाका म्हणून. आत्ता करा. नाहीतर त्यांच्या कोशात संस्थेच्या नावानं खोटा शब्द छापला जाईल."

संस्थेचं नाव म्हटल्यावर ते ताडकन उठले. तार झाली. माझ्यासमोर मजकूर लिहिला त्यांनी, 'संग्राहकाची बनावट, नष्ट करावी.' त्या माणसाला खरंच दुःख झालं होतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अहो, शब्द खरा आहे, तुमच्या आयुष्यातला सगळ्यात खरा शब्द आहे तो! पण मूग गिळून उभी राहिले. त्याच दिवशी माझं नाव कमी झालं. डॉक्टरेट संपली. घरी काय लिहायचं ते मला महिनाभर सुचलं नाही.

ते सोपं होतं. अवघड होतं तळघरात जाणं.

मी वोल्स्कीला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. लाल पेन्सिलसुद्धा. तो फावड्याला रेलून ऐकत होता. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, "जिल्हाही लिहिलात?"

"हो."

त्यानं बॉयलरचं दार उघडलं आणि माझ्याकडे पाठ करून कोळसा घालायला लागला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पाच मिनिटं उभी राहिले आणि निघून आले.

पुढचे चार महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. श्रीरंगच्या ओळखीनं विजेच्या कंपनीत टायपिंगचं काम मिळालं. रोज संध्याकाळी मी मुद्दाम वाकडी वाट करून हातमोज्यांच्या कारखान्यावरून यायचे. तळघराच्या खिडकीत उजेड असला की वाटायचं, आहे, अजून आहे. एकदा तो दारात उभा दिसला. पोस्टमन फाटकाशी सायकल टेकवत होता, आणि पोस्टमन दुसऱ्या घराकडे वळेपर्यंत हा दाराची कड घट्ट धरून उभा होता हे मला रस्त्याच्या पलीकडून दिसलं. त्यानं मला पाहिलं, आणि आत गेला. मी देवाला म्हटलं, तार वेळेवर पोचली असू दे, बाकी माझं काय व्हायचं ते होऊ दे. देव मानायची वेळ माझ्यावर एरवी फारशी येत नाही.

मे महिन्यातला रविवार होता. दुपारी श्रीरंग आला होता, मी पिठलं केलं होतं. दारावर थाप पडली. वोल्स्की. अंगावर चांगला कोट, दाढी केलेली, हातात नवीकोरी पुठ्ठ्याची सूटकेस. त्यानं आत येऊन सूटकेस खाली ठेवली आणि टेबलावर एक जाड, फुगलेला लिफाफा ठेवला.

लिफाफ्यावर नाव वोल्स्की नव्हतं. त्याचं खरं नाव होतं, पूर्ण, बापाच्या नावासकट. ते मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहून चुकले.

"तार पोचली नाही," मी म्हणाले.

"पोचली असेल. त्यांनी गावात जाऊन विचारलं असेल, बेचाळीस साली कोण गेलं, कोण आलं नाही. विचारायला काय लागतं?" त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याचे डोळे चमकत होते. "आई जिवंत आहे. आईचं पत्र आहे."

तो बसला आणि एकेक ओळ जर्मनमध्ये करून आम्हाला वाचून दाखवायला लागला. अक्षर कुणा कारकुनाचं, गोल गोल, खाली मात्र एक वेडीवाकडी सही. 'माझ्या लेकरा, साहेबांनी येऊन सांगितलं की तू आहेस. घरात आता विजेचा दिवा आहे. बहीण शाळेत शिकवते. सगळं माफ झालं आहे, कुणी काही विचारणार नाही. कागद घेऊन बर्लिनला साहेबांना भेट. मी म्हातारी झाले. ये. आपल्या शेतातला मूठभर गहू पाठवते आहे, म्हणजे तुला घराची आठवण येईल.'

"मी जाणार," तो म्हणाला. "आज संध्याकाळच्या गाडीनं. त्यांनी शोधलंच आहे, तर लपून काय उपयोग? पंधरा वर्षं झाली. तुमच्यावर राग नाही हे सांगायला आलो."

श्रीरंग माझ्याकडे बघायला लागला. मी काय बोलणार? ज्या तोंडानं त्याला ह्यात ढकललं, त्या तोंडानं जा म्हणू की नको म्हणू? जाऊन तो कुठल्या छावणीत सडेल ते मला दिसत होतं, आणि न जाऊन त्याची आई दाराकडे बघत मरेल तेही दिसत होतं. मी एवढंच म्हणाले, "साहेबांनी सांगून लिहिलेलं पत्र आहे हो ते."

"सही तिची आहे. तिची सही मी ओळखतो."

त्यानं लिफाफ्यातून एक छोटी कापडी पुरचुंडी काढली, प्रवासात तोंडात टाकायला असावी तशी खिशात घालायला निघाला, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, सोडून तळहातावर ओतली. मूठभर गहू. जरा काळपट, एकमेकांना चिकटलेला. त्यानं बोटानं दाणे सुटे केले. एक दाणा उचलून उजेडात धरला. मग दाताखाली धरून चावला, आणि तसाच थांबला.

"काय झालं?" श्रीरंगनं विचारलं.

त्याच्या चेहऱ्यावरचा तो सगळा उजेड विझत गेला. तो दाणा त्यानं सावकाश चघळला, गिळला. मग म्हणाला, "शिजवलेला आहे."

"म्हणजे?"

"शिजवून, मध घालून, मग वाळवलाय. शेतातला गहू असा नसतो. हा पेरला तर उगवणार नाही. साहेबाला काय, तो शहरातला असेल, त्यानं बघितलं असेल गहू म्हणून." त्यानं तळहात आमच्यापुढे धरला. "आमच्याकडे माणूस गेला की गहू शिजवतात. मध घालतात. चर्चमध्ये नेतात, त्याच्या नावानं प्रार्थना म्हणतात, आणि मग सगळ्यांनी एकेक घास खायचा. मेलेल्याचा तो वाटा. जिवंत माणसासाठी असा गहू कुणी शिजवत नाही. माझी आई तर नाहीच."

मला कळायला जरा वेळ लागला. साहेब शेजारी बसून पत्र लिहून घेत होता, 'ये, ये' म्हणून. म्हातारी हो, हो म्हणत होती, सही करत होती. आणि त्याच हातांनी तिनं आपल्या जिवंत पोराचं श्राद्ध घातलं, आणि त्याचा घास त्याला पाठवून दिला. येऊ नकोस. माझ्यासाठी तू मेलास. मेलेलाच राहा.

"नाही," तो म्हणाला, आणि पुन्हा म्हणाला, "नाही, नाही." मग टेबलावर डोकं टेकून असा रडला की खालच्या मजल्यावरच्या बाई काय झालं म्हणून वर आल्या. श्रीरंगनं त्यांना दारातूनच परत पाठवलं. मी वोल्स्कीच्या पायाशी जमिनीवर बसले होते. क्षमा मागायचीही लाज वाटत होती, तरी मागत होते, मराठीत, जर्मनमध्ये, काय बोलत होते मलाच माहीत नाही. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तीन बोटांचा.

बऱ्याच वेळानं तो उठला. मोरीवर तोंड धुतलं, केस नीट केले. एक स्वच्छ बशी मागितली. त्यात गहू ठेवला, आणि त्याचे तीन सारखे भाग केले.

"एकट्यानं खायचा नसतो," तो म्हणाला.

मी खाल्ला. कडक होता, किंचित गोड. श्रीरंगनं खाल्ला. वोल्स्की उभा राहिला, कोटाची बटणं लावली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि त्यांच्या भाषेत प्रार्थना म्हणाला. मला त्यातलं बरंचसं समजत होतं. 'ह्याचं स्मरण निरंतर राहो,' असं त्यात येतं, आणि त्याआधी गेलेल्याचं नाव घ्यायचं असतं. त्यानं आपलं खरं नाव घेतलं, स्पष्ट, बापाच्या नावासकट. मग खाली बसून स्वतःचा घास खाल्ला.